वाडीतल्या घरांचा पाच ओळींचा हिशेब कसा मांडावा

"फुकटचं सगळं त्यांना, आणि कर मात्र आम्ही भरायचा." आमच्या ग्रामसभेत हे वाक्य ऐकलं नाही अशी सभा मला आठवत नाही. नोकरदार ते कलमवाल्याला, म्हणजे आंब्याच्या बागायतदाराला ऐकवतो, कलमवाला रेशनच्या रांगेतल्यांना, रांगेतले मुंबईत फ्लॅट असलेल्यांना. प्रत्येकाला आपलाच खिसा रिकामा होताना दिसतो आणि शेजारच्याच्या घरात काहीतरी येताना दिसतं.

मी देवगड तालुक्यात, खाडीच्या अंगाला राहते. चौतीस वर्षं गावच्या शाखा डाकघरात काम केलं. मुंबईहून येणाऱ्या मनीऑर्डरी, निराधार योजनेची पेन्शन, बचत खाती, सगळं माझ्या हातून गेलं. निवृत्त झाल्यावर ठरवलं, की या भांडणाचा एकदा कागदावर हिशेब मांडायचा. पुण्यात अर्थशास्त्र शिकवणाऱ्या माझ्या भाच्याने रीत सांगितली. ब्रिटनचं सरकारी सांख्यिकी कार्यालय दरवर्षी घरांची मिळकत, कर आणि लाभ पाच टप्प्यांत मांडतं, तीच ती रीत. तिला आमच्या वाडीच्या मापाने बेतताना चार वर्षं गेली. तुमच्या वाडीत कोणाला करायचं असेल तर कसं करावं ते इथे सांगते. आकडे माझ्या वहीतले आहेत, पण घरं ओळखू येऊ नयेत म्हणून मुद्दाम गोल केलेले आहेत.

साहित्य थोडंच लागतं: दोनशे पानी वही, पेन्सिल, बेरजा करता येणारा फोन. वेळ मात्र नीट निवडा. मृगाचा पाऊस लागला, की आंब्याच्या विक्रीच्या हिशेबाच्या पट्ट्या हातात आलेल्या असतात. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असल्याने खलाशी घरी असतात आणि लावणी सुरू व्हायला थोडे दिवस असतात. ते दहा-बारा दिवस सोन्याचे. एप्रिल-मे महिन्यांत कलमवाल्याच्या दारात वही घेऊन गेलात तर तो चहासुद्धा उभ्यानेच देईल.

परवानगी घ्या, आणि ती खरोखर घ्या. कोणाच्या घरी किती मनीऑर्डर येते हे मला पोस्टात कळायचं. त्यातला एकही आकडा मी वहीत घेतलेला नाही. घरच्यांनी आपल्या तोंडाने सांगितलं तेवढंच लिहिलं. याबाबतीत माझ्याकडून एक मोठी चूक झाली, ती सांगते. पहिल्या वर्षी तीन घरांचे आकडे मी ग्रामसभेत वाचून दाखवले. नावं घेतली नव्हती. पण एक्केचाळीस चुलींच्या वाडीत नाव घ्यावं लागतच नाही. त्यात एका कलमवाल्याची सगळी विक्री मी मिळकत म्हणून वाचली होती, खर्च वजाच केला नव्हता. त्या घरातली वहिनी चार महिने माझ्याशी बोलली नाही, आणि तिचं बरोबर होतं. तेव्हापासून वही वाचून दाखवत नाही. ज्याचं पान त्यालाच दाखवते, आणि सभेत फक्त तीन-चार घरांची सरासरी सांगते.

सुरुवातीलाच ठरवा की घर म्हणजे काय. रेशनकार्ड धरू नका. कार्डावर लग्न होऊन गेलेल्या मुली असतात, विरारला राहणारा धाकटा दीर असतो, कधी वारलेली सासूही असते. सातबारा धरलात तर एका गुंठ्यावर अठरा नावं सापडतील. मी चूल धरते. एका चुलीवर जेवणारी आणि वर्षातले निम्म्याहून जास्त दिवस इथे राहणारी माणसं म्हणजे एक घर. गणपती आणि होळीला येणारा चाकरमानी हा घरचा माणूस खरा, पण चुलीचा नाही.

आता पहिली ओळ: घराने स्वतः मिळवलेलं. विचारताना "उत्पन्न किती?" असं कधीच विचारू नका. देशाच्या नमुना पाहणीवाल्यांनी पूर्वी असं थेट विचारून पाहिलं होतं. लोकांनी सांगितलेली मिळकत त्यांच्या खर्च आणि बचतीपेक्षा कमी भरली. म्हणून आपल्याकडे इतकी वर्षं घराचा खर्चच मोजत आले. मी आधी खर्च विचारते, मग कशाकशातून भागलं ते, आणि शेवटी राहिलं किती. तिन्ही जुळले नाहीत तर पुन्हा एक चहा.

पगाराच्या घराला एक पावती पुरते. कलमवाल्याचं तसं नाही. तिथे वाशीच्या दलालाची पट्टी मागा आणि समोर बसून वजाबाकी करा: फवारणी, खत, राखणीचे गुरखे, तोडणी, पेट्या, पेंढा, गाडीभाडं, अडत. एका दीडशे कलमांच्या घरात सहा लाखांची विक्री होती, आणि हे सगळं गेल्यावर दोन लाख वीस हजार उरले. शिवाय एक वर्ष धरून चालत नाही. एका साली मोहोर धरतो, दुसऱ्या साली थंडीच पडत नाही. मी तीन वर्षांची सरासरी घेते. मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ झालं, ते साल सरासरीत घेतलं नाही. त्याची भरपाईही नाही.

खलाशाचं घर असेल तर पगार विचारू नका, वाटा विचारा. डिझेल, बर्फ, रेशन वजा करून होडीचा वाटा, तांडेलाचा (होडी चालवणाऱ्या म्होरक्याचा) वाटा, मग खलाशांचे वाटे पडतात. बंदीच्या दोन महिन्यांत घेतलेली उचल ही मिळकत नव्हे, कर्ज आहे. ती ओळीत घेऊ नका.

घरचं जे खाल्लं तेही लिहा. भात, नारळ, शेवग्याच्या शेंगा, कोंबडी, खाडीतले खेकडे आणि शिंपल्या. बाजारात विकत घेतलं असतं तर किती पडलं असतं, तो भाव लावायचा. बायका हे सांगतच नाहीत, कारण त्यांना ती मिळकत वाटत नाही. परसात जाऊन स्वतः बघा.

मुंबईहून येणारा पैसाही याच ओळीत, पण वेगळ्या खुणेने. त्यावरचा कर पाठवणाऱ्याने तिकडे भरलेला असतो. तो इकडे पुन्हा वजा करायचा नाही.

दुसरी ओळ रोख लाभांची. इथे योजनेचं नाव ऐकून आकडा लिहू नका, पासबुक बघा. पीएम किसानचे वर्षाला ६,००० रुपये तीन हप्त्यांत येतात, नमो शेतकरी महासन्मान निधीचे आणखी ६,०००. लाडकी बहीण योजना जुलै २०२४ पासून, महिन्याला १,५००. पण ज्या बाईच्या स्वतःच्या नावे शेतकऱ्यांचे हे दोन्ही निधी येतात तिला लाडक्या बहिणीचे ५०० च मिळतात, कारण तिथे वरचा फरकच देतात. हे माहीत नसल्यामुळे दोन जावांमध्ये भांडण लागलेलं मी पाहिलं आहे. एकीच्या नावे जमीन होती, दुसरीच्या नव्हती, आणि दोघींना वाटत होतं की कोणीतरी मध्ये खाल्लं. माझ्या जावेचा हप्ता तर जमा झाला त्याच दिवशी एका बँकेने जुन्या थकबाकीपोटी वळता करून घेतला. कागदावर लाभार्थी, हातात शून्य. अशा घरात मी शून्यच लिहिते आणि बाजूला कारण लिहिते.

या ओळीपाशी जरा थांबावं लागेल, कारण माझा जीव इथे तुटतो. श्रावणबाळ योजनेत पासष्टीपुढच्या म्हातारीला महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी तिच्या कुटुंबाचं वर्षाचं उत्पन्न २१,००० च्या आत असावं लागतं. लाडक्या बहिणीलाही १,५०० च, पण तिथे मर्यादा अडीच लाख. गावात प्राधान्य कुटुंबाच्या रेशनची मर्यादा ४४,०००. एकाच तहसीलच्या छपराखाली गरिबीची तीन मापं. पासष्ट वर्षं पूर्ण झाली की बाई लाडक्या बहिणीतून बाहेर पडते. त्यानंतर तेच दीड हजार मिळवायला तिला बारा पट कमी उत्पन्नाचा दाखला आणावा लागतो. २१,००० म्हणजे महिन्याला १,७५०. हा आकडा घेऊन तलाठ्यासमोर उभ्या राहिलेल्या म्हाताऱ्या मी पाहिल्या आहेत. कोणाला वाटत असेल की त्या खोटं सांगतात, तर त्याने हे माप एकदा स्वतःला लावून बघावं.

तिसऱ्या ओळीत थेट कर वजा होतात. घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य कर आणि सामान्य पाणीपट्टी यांच्या मागणीचं बिल ग्रामपंचायतीकडून येतं, पावती नमुना दहाची. घरात स्वतंत्र नळ असेल तर त्याची विशेष पाणीपट्टी मी करात धरत नाही, ती पाण्याची किंमत झाली. शेतसारा लिहा, कितीही थोडा असला तरी. शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही. आणि पगारदारांनाही २०२५-२६ पासून नव्या पद्धतीत पावणेतेरा लाखांपर्यंत आयकर लागत नाही. आमच्या वाडीत "कर आम्ही भरतो" असं सगळ्यात ठासून सांगणारे एक सर आहेत. त्यांचा पगार वर्षाला नऊ लाख. पूर्वी त्यांनी भरला, आणि प्रामाणिकपणे भरला. पण या वर्षीच्या त्यांच्या पानावर आयकर शून्य आहे आणि व्यवसाय कर २,५००: अकरा महिने दोनशे, फेब्रुवारीत तीनशे.

या व्यवसाय कराची एक गोष्ट प्रत्येक कोकणी माणसाला माहीत असावी असं मला फार वाटतं. हा कर राज्यात १९७५ साली आला तो रोजगार हमीसाठी पैसा उभा करायला. शहरातल्या पगारातून कापायचा आणि गावातल्या कामावर खर्चायचा. पुढे १९९० मध्ये रोजगार हमीला फळबाग लागवड जोडली गेली. कोकणातल्या कातळावर आणि वरकस जमिनीवर हापूस आणि काजू मोठ्या प्रमाणावर उभे राहिले ते त्या अनुदानावर. परळच्या चाळीत राहणाऱ्या आपल्याच काकाच्या पगारातून महिन्याला कापले गेलेले ते रुपये. त्यांतून त्याच्याच भावाच्या बांधावर कलम लागलं. काकाला ते ठाऊक नव्हतं, भावालाही नव्हतं. आता त्या कलमांच्या जिवावर एखादा म्हणतो, की मला कोणी काही दिलं नाही, तेव्हा मी लागवडीचं साल विचारते.

चौथी ओळ आडून जाणाऱ्या करांची. ही सगळ्यात कंटाळवाणी, आणि माझ्या मते सगळ्यात मोलाची. खालच्या घरातली एक काकी आहे, अडुसष्ट वर्षांची, अकरा वर्षांच्या नातवाला घेऊन राहते. तिला मी विचारलं, वर्षाला कर किती जातो? ती म्हणाली, "माका खयचो कर गो? कर भरतत ते पगारवाले."

तिच्या पडवीवर बसून आम्ही बाजाराची पिशवी उलटी केली. चहा पावडर, साखर, गोडेतेलाची पिशवी, अंगाचा साबण, बिस्किटाचे दोन पुडे, नातवाच्या खोकल्याचं औषध, एक टॉर्चचा सेल. वर्तमानपत्रात बांधलेले सुके बांगडे. सुटी तूरडाळ. मग तिने कनवटीची छोटी पिशवी काढली आणि वीजबिलाची चार घड्या केलेली पावती उलगडली.

करायचं असं. छापील किमतीत कर आधीच मिसळलेला असतो. ५ टक्क्यांची वस्तू असेल तर किमतीला ५ ने गुणून १०५ ने भागा, १८ टक्क्यांची असेल तर १८ ने गुणून ११८ ने. म्हणजे १०० रुपयांच्या वस्तूत पहिल्या प्रकारात पावणेपाच रुपयांच्या आसपास, दुसऱ्यात सव्वापंधरा. सुटी डाळ, ताजी भाजी, ताजी मासळी यांवर काही नाही. तीच डाळ छापील पाकिटात घेतली की ५ टक्के. २२ सप्टेंबर २०२५ पासून साबण, टूथपेस्ट, केसांचं तेल, बिस्किटं १८ वरून ५ वर आली. त्याच्या आधीच्या पावत्यांना जुना दर लावा. मोबाइलच्या रिचार्जवर १८ टक्के. घरगुती विजेवर १६ टक्के वीज शुल्क, ते बिलावर वेगळं छापलेलं असतं. पेट्रोल-डिझेल जीएसटीत नाहीत, त्यांवर केंद्राचं उत्पादन शुल्क आणि राज्याचा व्हॅट. पेट्रोलच्या किमतीतला तिसऱ्या हिश्शाहून जास्त भाग कर असतो, आणि तो रिक्षाच्या भाड्यातून रिक्षात बसणाऱ्याकडे येतो.

काकीचं रिचार्ज १९९ चं. अठराने गुणलं, एकशेअठराने भागलं, तीस रुपये छत्तीस पैसे. ती बराच वेळ फोनकडे बघत राहिली. "म्हणजे चेडवाक फोन केलंय तरी कर?" तिची मुलगी नालासोपाऱ्याला असते. मी हो म्हटलं. मग तिने स्वतःच बिस्किटाचा पुडा पुढे सरकवला. "ह्येच्यात किती?" दहाच्या पुड्यात अठ्ठेचाळीस पैसे. आम्ही दोघींनी संध्याकाळपर्यंत तेच केलं. वर्षाची बेरीज आली २,००० रुपये: पाच टक्क्यांच्या वस्तूंतून आठशे, रिचार्ज आणि अठरा टक्क्यांच्या बाकी गोष्टींतून सहाशे, विजेतून चारशे, उरलेले प्रवासातून. आयुष्यात पहिल्यांदा त्या बाईने स्वतःला कर भरणारी म्हणून पाहिलं. पुढच्या ग्रामसभेत ती पहिल्या रांगेत बसली होती.

कलमवाल्याच्या घरी या ओळीत आणखी एक गोष्ट शोधा. फवारणीच्या औषधांवर १८ टक्के आहेत. दुकानदार आपला भरलेला कर पुढे वळता करून घेतो, पण शेतकऱ्याला तसं करता येत नाही, कारण त्याच्या आंब्यावर करच नाही. वर्षाला लाखाची औषधं घेणाऱ्या घरातून पंधरा हजारांवर कर असा जातो. तो पहिल्या ओळीच्या खर्चात बुडालेला असतो, म्हणून चौथ्या ओळीत पुन्हा वजा करू नका, फक्त बाजूला लिहा. खलाशांच्या बाबतीत उलट आहे. मच्छीमार संस्थेच्या यांत्रिक नौकांना डिझेलवरच्या राज्याच्या कराचा परतावा मिळतो. तो येईल त्या वर्षी लिहायचा, येणार आहे म्हणून नव्हे.

पाचवी ओळ वस्तू आणि सेवांच्या रूपाने मिळालेल्याची. रेशनचा हिशेब सोपा: प्राधान्य कार्डावर माणशी महिन्याला ५ किलो, अंत्योदयला घराला ३५ किलो, आणि जानेवारी २०२३ पासून फुकट. बाजारभाव लावायचा. मशीनवर अंगठा उमटला नाही म्हणून ज्या महिन्यात धान्य मिळालं नाही तो महिना वगळायचा. शाळेतला पोषण आहार, पुस्तकं, गणवेश. एसटीत बायकांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट, पंचाहत्तरीपुढे पूर्ण माफ. सरकारी दवाखान्यात ऑगस्ट २०२३ पासून केसपेपर आणि उपचार मोफत. मोठ्या आजाराला महात्मा फुले योजना, कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत. पण ती ज्या वर्षी वापरली त्या वर्षी घराची ओळ एकदम फुगते. ज्या घरात हृदयाचं ऑपरेशन झालं ते घर कागदावर वाडीत सगळ्यात सुखी दिसतं. म्हणून मोठी ऑपरेशनं मी ओळीत घेत नाही, शेजारी लिहून ठेवते.

शाळेचं काय करायचं यावर माझा आणि भाच्याचा अजून वाद चालू आहे. ब्रिटनवाले शाळेवर सरकारचा जेवढा खर्च होतो तेवढा लाभ मुलाच्या घराला धरतात. आमच्या वाडीच्या शाळेचा पट नऊ. दोन शिक्षक. दोघांचे पगार मिळून बारा लाख धरले तर एका मुलामागे एक लाख तेहेतीस हजार येतात. ही रक्कम काकीच्या पानावर चढवली की ती कलमवाल्यांच्या पंगतीला जाऊन बसते. तिच्या डब्यात तांदूळ मात्र तेवढाच. भाचा म्हणतो, नियम म्हणजे नियम, नाहीतर शाळा बंद झाली तरी हिशेबात कळणार नाही. त्याचं म्हणणं खोटं नाही. पण पट कमी झाला की लाभ वाढला असं सांगणारी ओळ मी वाडीतल्या कोणाला समजावून सांगू शकत नाही. म्हणून मी शाळेचा आकडा पानाच्या उजव्या कडेला वेगळा लिहिते, बेरजेत घेत नाही. देशाच्या २०२३-२४ च्या खर्च पाहणीतही शाळा आणि दवाखान्याच्या सेवांची किंमत धरलेली नाही. तिथे फुकट मिळालेल्या वस्तू तेवढ्या धरल्या आहेत. त्या धरल्यामुळे ग्रामीण भागातला माणशी महिन्याचा खर्च ४,१२२ वरून ४,२४७ वर गेला. फरक सव्वाशे रुपयांचा. "फुकटचं सगळं" म्हणणाऱ्यांनी तो सव्वाशेचा आकडा लक्षात ठेवावा.

काकीचं पान मग असं दिसतं:

स्वतःचं: काजू, कोकमाची सोलं विकून १८,००० आणि घरचं खाल्लेलं ९,०००, एकूण २७,०००
श्रावणबाळ १८,००० मिळवून ४५,०००
घरपट्टी वगैरे ५०० वजा, ४४,५००
आडून गेलेला कर २,००० वजा, ४२,५००
रेशन ३,६००, आहार २,०००, पुस्तकं-गणवेश ९००, एसटी ४०० मिळवून ४९,४००

सरांचं पहिल्या ओळीत ९,००,०००. रोख लाभ काही नाही. व्यवसाय कर आणि घरपट्टी मिळून ५,५०० गेले. आडून साडेचोपन्न हजार. शेवटी वस्तूरूपाने दोन हजार मिळवून ८,४२,०००.

आता माणसांनी भागायचं, पण नुसतं डोक्यांनी नव्हे. चार माणसांना एका माणसाच्या चौपट लागत नाही, कारण दिवा एकच जळतो आणि चूलही एकच. पहिल्या मोठ्या माणसाला १, चौदा वर्षांच्या आणि त्यापुढच्या प्रत्येकाला अर्धा, चौदाच्या आतल्या मुलाला ०.३, हे माप जगभर वापरतात. काकी आणि नातू मिळून १.३. सरांचं घर, दोघं नवरा-बायको, सोळा वर्षांची मुलगी आणि बारा वर्षांचा मुलगा, २.३. काकीच्या वाट्याला ३८,००० येतात, सरांच्या तीन लाख सहासष्ट हजार.

पानं शेजारी ठेवून वाचा. पहिल्या ओळीत दोन घरांत तेहेतीस पटींचं अंतर आहे. पाचव्या ओळीत सतरा पटींचं. माणसांच्या मापाने भागल्यावर साडेनऊ पटींच्या जवळ. लाभांनी अंतर कमी केलं हे खरं, आणि अजून केवढं उरलं तेही तेवढंच खरं. मग करांचं प्रमाण काढा, दुसऱ्या ओळीतल्या शंभर रुपयांमागे किती गेले ते. सरांचे साडेसहाच्या थोडे वर. काकीचे साडेपाच. कलमवाल्यांचे साडेसात, आणि फवारणीतला बुडालेला कर मोजला तर बाराच्या पुढे. ज्यांच्याकडे बोट दाखवून "हे कर भरत नाहीत" म्हणतात, आमच्या वाडीत सगळ्यात जड हिस्सा त्यांच्याच खांद्यावर निघाला. सरांना त्यांचं पान दाखवलं तेव्हा ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, पाचव्या ओळीची बेरीज परत एकदा बघू. बघितली. बरोबर होती.

एक गोष्ट मात्र सांभाळा. हे तीन घरांचे आकडे म्हणजे तालुका नव्हे, कोकण नव्हे. आमच्याकडे रेशनकार्ड नसलेलं एकच घर आहे, कातकरी वस्ती असलेल्या गावात चित्र निराळं निघेल.

वही भरत असतानाच प्रत्येक पानाच्या शेवटी "राहिलेलं" म्हणून एक चौकट ठेवा. घराला हक्काचं काय मिळायला हवं होतं आणि का मिळालं नाही, ते त्यात. दुसऱ्या वर्षी त्या चौकटीत मला अकरा घरं सापडली. बहुतेकांचं कारण योजनेत नव्हतंच, कागदात होतं: वारलेल्या नवऱ्याचं नाव कार्डावरून कमी केलेलं नाही, आधारवरचं नाव माहेरचं, सुनेची चूल वेगळी पण कार्ड सासूसोबत, हयातीचा दाखला दिलेला नाही म्हणून पेन्शन बंद. कार्ड वेगळं करून घ्यायचा अर्ज, मृत्यूचा दाखला, आधार जोडलेलं बँक खातं, तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला, ही चार कामं आधी करायला लावा. सेतू केंद्रात एकटीला पाठवू नका, तीन-चार बायका मिळून जा, अर्ध्या तिकिटात सगळ्यांचं होतं. अकरापैकी सात घरांचं काम त्या पावसाळ्यात झालं. दोघांचं अजून लोंबतंय, आणि उरलेल्या दोन म्हाताऱ्या २१,००० च्या मापात बसल्या नाहीत.

शेवटची दोन पानं कोरी सोडा, चाकरमान्यांसाठी. गणपतीत ते येतात, पाच दिवस घर भरलेलं असतं, आरतीनंतर खळ्यात बसून बोलायला वेळ असतो. मुंबईत भाडं किती, पगारातून काय कापलं जातं, गावी किती पाठवता, हे तेव्हा विचारायचं. गौरी जेवायच्या दिवशी विचारू नका, त्या दिवशी बायकांना मान वर करायला सवड नसते.